एका झाडाखाली तासभर: झाडे आणि पक्षी एकत्र पाहण्याविषयी

निसर्गफेरी जाहीर झाली की पहिली विचारणा बहुतेक वेळा एकच असते: किती पक्षी दिसतील आणि किती झाडे दाखवणार? विचारणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून येणार असतो, त्यामुळे त्याची अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. पण या अपेक्षेला उत्तर देता देता आपल्याकडच्या अनेक फेऱ्यांचे स्वरूप असे होऊन बसले आहे, की दोन-अडीच तासांत चार-पाच किलोमीटर चालायचे, वाटेत येईल त्या झाडाचे मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि औषधी उपयोग सांगायचे, पक्षी दिसला की सर्वांनी दुर्बिणी उचलायच्या आणि शेवटी एकूण आकडा जाहीर करायचा. वृक्षांची फेरी घेणारे जाणकार पक्ष्यांसाठी थांबत नाहीत आणि पक्षिनिरीक्षक, ज्या फांदीवर पक्षी बसला आहे ती कोणत्या झाडाची, हे विचारत नाहीत. मी महाराष्ट्रातील पानगळीच्या वनांत आणि शहरांलगतच्या टेकड्यांवर अशा फेऱ्या व कार्यशाळा घेतो. ते करता करता माझे एक मत पक्के होत गेले आहे: झाड आणि पक्षी एकत्रच शिकावे लागतात, आणि त्यासाठी चालण्यापेक्षा थांबणे अधिक उपयोगी पडते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे फळांनी लगडलेला उंबर. ओढ्याच्या काठी किंवा एखाद्या जुन्या विहिरीजवळ तो हमखास सापडतो, आणि त्याची फळे डहाळीच्या टोकाला न येता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी येतात, त्यामुळे मान वर न करताही ती पाहता येतात. गटाला मी प्रथम एक खाली पडलेले पिकलेले उंबर उघडायला सांगतो. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरे तर आतल्या बाजूला वळलेली फुलांची पोकळ बैठक आहे. शेकडो बारीक फुले आतच उमलतात आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध फळाच्या टोकाशी असलेल्या एका चिंचोळ्या तोंडातून येतो. ते तोंड खवल्यांनी जवळजवळ मिटलेले असते. भिंगातून ते पाहिल्यावर साहजिकच प्रश्न येतो, की मग परागीभवन होते तरी कसे.

होते ते एका इवल्या गांधीलमाशीमुळे, जिची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर असते. मादी त्या तोंडातून स्वतःला आत रेटते, तेव्हा तिचे पंख तुटतात आणि बाहेर येण्याचा मार्ग तिच्यापुरता कायमचा बंद होतो. आत ती सोबत आणलेले परागकण फुलांवर टाकते आणि काही फुलांमध्ये अंडी घालून तिथेच मरते. लांब कुक्षिवृंताच्या, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी लांब असलेल्या, फुलांपर्यंत तिचे अंडी घालण्याचे अवयव सहसा पोहोचत नाहीत, म्हणून त्या फुलांत बी तयार होते. आखूड कुक्षिवृंताच्या फुलांत तिची पिल्ले वाढतात. नव्या पिढीतले नर बिनपंखांचे असतात. ते माद्या अजून फुलाच्या गाठीत असतानाच त्यांच्याशी मीलन करतात, मग फळाची भिंत पोखरून बाहेर जाण्याची वाट तयार करतात, आणि माद्या तोवर पक्व झालेल्या पुंकेसरांतले पराग घेऊन त्या वाटेने उडून जातात. त्यांचे प्रौढ आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात त्यांना कोवळी, नेमक्या अवस्थेतली फळे असलेला दुसरा उंबर सापडला पाहिजे, कारण एकाच झाडावरची फळे साधारणपणे एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. म्हणूनच एका परिसरातले सगळे उंबर एकाच महिन्यात फळत नाहीत. त्यांनी तसे केले तर गांधीलमाशी संपेल आणि तिच्यामागून उंबरही. वड, पिंपळ, नांदरुक या सर्व भावंडांची कथा याच धर्तीची आहे, आणि प्रत्येकाची गांधीलमाशी साधारणपणे वेगळी.

ही कथा सांगून होते तोवर वर फांद्यांमध्ये हालचाल वाढलेली असते, आणि पक्ष्यांकडे वळायला तीच योग्य वेळ असते. कारण उंबर-वडांच्या या आळीपाळीने फळण्याचा थेट परिणाम असा, की कोरड्या ऋतूत इतर फारसे काही पिकलेले नसतानाही कुठे ना कुठे एखादे झाड फळांनी भरलेले असते आणि परिसरातले फलाहारी पक्षी त्याच्या आधाराने दिवस काढतात. तांबट एकाच जागी बसून फळावर चोच मारतो. राखी धनेश फळ तोडून चोचीच्या टोकाला धरतो, मान मागे फेकतो आणि ते घशात टाकतो. कोकिळा ठिपक्यांच्या अंगाने पानांत मिसळून जाते आणि तिचा काळा नर मात्र चटकन नजरेस पडतो. हरियाल, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी, थव्याने येतो, पण पिवळे पाय आणि हिरवट-राखाडी अंग यांमुळे पानांत इतका बेमालूम मिसळतो, की दहा मिनिटे पाहून झाल्यावर पहिला दिसतो आणि मग लागोपाठ इतर दिसत जातात. हा अनुभव चालत्या फेरीत येणे जवळजवळ अशक्य आहे. उभ्या असलेल्या माणसाचीच नजर हळूहळू त्या झाडाला सरावते.

इथे एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘पक्षी फळे खातात आणि बिया पसरवतात’ हे वाक्य शाळेपासून आपल्या तोंडी बसलेले आहे, पण सर्वच पक्षी हे काम सारखे करत नाहीत. धनेश, तांबट, बुलबुल यांच्या पोटातून बारीक बिया धडधाकट बाहेर पडतात. हरियालाच्या पेषणीत, म्हणजे अन्न भरडणाऱ्या जठरात, मात्र त्यांतल्या बहुतेक भरडल्या जातात. म्हणजे एकाच फांदीवर बसून तेच फळ खाणारे दोन पक्षी झाडाच्या दृष्टीने अगदी वेगळे पाहुणे आहेत. पुढे चालताना एखाद्या भिंतीच्या फटीत किंवा ताडाच्या खोडावर पिंपळाचे रोप उगवलेले दिसले, की ते कुणी लावले असेल याचा विचार लोक आपण होऊन करू लागतात, आणि तो विचार पन्नास नावांच्या यादीतून सहसा निघत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फळांची जागा फुले घेतात. काटेसावर, पळस आणि पांगारा ही तिन्ही झाडे साधारण याच सुमारास बहुतांश पाने गाळून तांबड्या-केशरी फुलांनी भरतात, आणि या तिघांच्या फुलांना आपल्या नाकाला जाणवेल असा सुगंध जवळजवळ नसतो. मधमाश्यांना तांबडा रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना तो उत्तम दिसतो. गंधाकडे बहुतेक पक्षी फारसे लक्ष देत नाहीत. त्यामुळे मोठी, मजबूत, बिनवासाची, तांबडी आणि मधुरसाने भरलेली फुले पाहिली की त्यांचे मुख्य गिऱ्हाईक कोण असणार, याचा अंदाज गटातल्या मुलांनाही बांधता येतो. सावरीच्या मांसल पाच पाकळ्यांच्या पेल्यात साळुंकी, भांगपाडी मैना, कोतवाल, हळद्या, बुलबुल असे सर्व जण डोके खुपसतात आणि बाहेर येतात तेव्हा त्यांच्या कपाळावर परागांची भुकटी असते. एरवी कीटकांवर जगणारा कोतवाल इथे मधुरस पिताना दिसतो, हे पाहून ‘हा कीटकभक्षी, तो फलाहारी’ असे आपण केलेले कप्पे किती कामचलाऊ आहेत, हे लक्षात येते. पळसाच्या फुलाची बाकदार चंचू, म्हणजे चोचीसारखी वळलेली पाकळी, वेगळी आहे आणि तिच्यात शिरण्याची जांभळ्या शिंजिराची पद्धतही वेगळी; तो फांदीवर बसून वाकडी चोच बाजूने घालतो. आणि याच दिवसांत भोरड्यांचे, म्हणजे पळसमैनांचे, मोठे थवे या झाडांवर उतरतात. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून हिवाळ्यासाठी आलेल्या या गुलाबी-काळ्या पक्ष्यांचा परतीचा प्रवास जवळ आलेला असतो. फुललेली सावर तोडली जाते तेव्हा या प्रवाशांच्या शिदोरीचाही एक भाग जातो, हे लोकांना त्या झाडाखाली उभे असताना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आंब्यावरच्या बांडगुळाचा पाठ छोटा आहे, पण तो मी सहसा वगळत नाही. बांडगूळ आपल्या हिरव्या पानांत अन्न स्वतः तयार करते, यजमान झाडाकडून पाणी आणि क्षार तेवढे घेते. त्याची चिकट फळे फुलटोच्या नावाचा, अंगठ्याएवढा म्हणावा असा पक्षी आवडीने खातो. विष्ठेतून बाहेर पडणारी बी चिकटच असल्यामुळे ती सुटावी म्हणून तो अंग फांदीला घासतो, आणि बी नेमकी रुजण्याच्या जागी जाऊन बसते. बागाईतदार बांडगूळ काढतो ते त्याच्या जागी योग्यच आहे. वनातल्या झाडावर मात्र ते फुलटोच्याचे आणि शिंजिराचे अन्न आहे, एवढे दोन्ही बाजूंनी सांगितले म्हणजे पुरते.

एका जागी थांबण्याचे महत्त्व सांगताना मला नेहमी पक्षितज्ज्ञ सालिम अलींची आठवण येते. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांची नेमणूक झाली ती मार्गदर्शक व्याख्याता म्हणून. म्हणजे लोकांना निसर्ग समजावून सांगणे हेच त्यांचे काम होते. पुढे जर्मनीत प्रशिक्षण घेऊन परतल्यावर ती नोकरी राहिली नाही आणि ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. 1930 च्या पावसाळ्यात त्यांनी आडोशाआड बसून त्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले आणि सुगरणीच्या संसाराची खरी रीत नोंदवली. घरटे नर विणतो. ते अर्धवट, टोपीच्या आकाराचे झाले की माद्या येऊन तपासणी करतात. मादीने ते पसंत केले तर नर विणकाम पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. हा अभ्यास दूरच्या मोहिमेतून आला नाही, घराजवळच्या झाडांकडे रोज पाहिल्याने आला. आमच्या पावसाळी कार्यशाळेत विहिरीवर झुकलेल्या बाभळीसमोर आम्ही बसतो तेव्हा प्रत्येकाला एकेक घरटे वाटून दिलेले असते: त्याची अवस्था कोणती, नर गवताची पाती किती वेळाने आणतो, मादी आत किती वेळ थांबते, पसंत न पडलेले घरटे कोणते. अर्ध्या तासाने सर्वांनी आपापल्या नोंदी वाचून दाखवायच्या. प्रौढ माणसे इतक्या एकाग्रतेने एखाद्या गोष्टीकडे पाहताना मी इतरत्र क्वचितच पाहतो.

झाडे ओळखायला शिकवण्यासाठी फुलाफळांचा काळ सोपा, पण मला उन्हाळ्याच्या तोंडाशी असलेले निष्पर्ण वन जास्त आवडते. पाने नसली की सालीकडे पाहावेच लागते. ऐनाची काळपट साल सुसरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते. कांडोळाची साल पांढुरकी, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. चांदण्यात हे झाड वेगळेच उठून दिसते. कोवळ्या सावरीच्या बुंध्यावर शंकूसारखे काटे असतात. गटातल्या एकाने डोळे मिटून तीन खोडांना हात लावायचा आणि दुसऱ्याने सांगितलेले खोड ओळखायचे, हा खेळ मुलांसाठी म्हणून सुरू होतो आणि त्यांचे आईवडीलच तो अधिक वेळ खेळत राहतात. मार्चमध्ये कुसुंबाला येणारी लालभडक पालवी दुरून फुलोऱ्यासारखी दिसते; जवळ जाऊन ती पानेच आहेत हे पाहिल्यावर, ऐन उन्हाळ्यात पाणी कमी असताना झाडे नवी पाने का काढत असतील, हा प्रश्न उभा राहतो. पावसाबरोबर पाने खाणाऱ्या किड्यांची झुंबड उडते, त्याआधीच पान जून आणि निबर झालेले बरे, असा त्याचा एक उलगडा अभ्यासक सांगतात. ही चर्चा मी लांबू देतो, कारण ती करताना लोक झाडाकडे निर्णय घेणाऱ्या सजीवाप्रमाणे पाहू लागतात.

पानांची कार्यशाळा पावसाळ्याच्या उत्तरार्धात घेतली तर साहित्य पायाखालीच असते. सागाच्या पानावर एका अळीने शिरा सोडून बाकीचे सगळे खाल्लेले असते आणि मागे जाळीदार सांगाडा उरतो. उजेडासमोर धरला की पानातली पाणी वाहून नेणारी सगळी व्यवस्था उघडी दिसते. सागाचेच कोवळे पान चुरडले की बोटे लाल होतात. ऐनाचे पान उलटून देठाजवळ पाहिले तर दोन लहान ग्रंथी दिसतात. आणि सर्वांत उपयोगाचा धडा म्हणजे पान कोणते आणि पर्णिका कोणती, हे ठरवणे. कडुनिंबाची जी ‘पाने’ आपण मोजतो त्या पर्णिका असतात; अख्खी डहाळीसारखी दिसणारी रचना हे एक पान. याची खूण अगदी साधी आहे: पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत ती नसते. एवढे कळले की पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, साधी आहेत की संयुक्त, या दोन प्रश्नांच्या आधारे समोरच्या झाडाच्या शक्यता बऱ्याच आटोक्यात येतात आणि पुस्तक उघडण्याची भीती जाते.

साधने फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग असावे, आणि ते पानाजवळ न नेता डोळ्याला लावून पान त्याच्याजवळ आणावे. दुर्बीण घ्यायची असेल तर नवख्याने आठ बाय बेचाळीस या मापाची घ्यावी. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. त्याहून अधिक पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो आणि दृश्याचा आवाका सहसा कमी होतो. वही मात्र प्रत्येकाकडे हवीच. मी फोटोऐवजी चित्राचा आग्रह धरतो, चित्र चांगले यावे म्हणून नव्हे, तर चोचीचा उतार किंवा पानाची कड काढताना हात अडतो आणि आपण ती नीट पाहिलेलीच नाही हे तिथल्या तिथे कळते म्हणून. पक्षी मोठा की लहान असे न लिहिता चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा असे लिहावे. तो झाडाच्या शेंड्यावर होता, मधल्या फांद्यांत की जमिनीवर, आणि तो काय करत होता, हे रंगाच्या आधी लिहावे. रंग प्रकाशाप्रमाणे बदलतात. सावलीतला जांभळा शिंजीर सरळ काळाच दिसतो.

कानांसाठी आम्ही फेरीच्या सुरुवातीलाच वेळ राखून ठेवतो. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पक्षी सर्वाधिक बोलतात, आणि गट तेव्हाच ओळख-परेडमध्ये रमला तर उत्तम वेळ निघून जातो. म्हणून आल्याबरोबर सर्वांनी पाच मिनिटे डोळे मिटून उभे राहायचे, मग वहीच्या मध्यभागी स्वतःची खूण करून कोणता आवाज कोणत्या दिशेने आणि किती दुरून आला, हे तिच्याभोवती मांडायचे. नावे ठाऊक नसली तरी चालते. तांबटाचा एकसुरी टुक-टुक, दयाळाची लांबलचक शीळ, टकाचोराचा घोगरा आणि मधेच अनपेक्षित मंजुळ होणारा स्वर, एवढे पहिल्या दिवशी वेगळे ऐकू आले तरी पुष्कळ. पुढची पायरी म्हणजे आवाजाचा अर्थ लावणे. सातभाई आणि बुलबुल एकाच झाडाभोवती जमून कलकलाट करत असतील, तर त्या झाडात पिंगळा किंवा शिक्रा असण्याची शक्यता मोठी असते. खारही त्यांत आपला चिरका सूर मिसळते. हा इशारा समजणारा माणूस शिकारी पक्षी शोधत फिरत नाही. इतर पक्षीच त्याला तो दाखवून देतात.

आता फेरी नेणाऱ्याविषयी. माझ्या मते बारा ते पंधरापेक्षा जास्त माणसे एका मार्गदर्शकामागे असू नयेत. त्यापुढे मागच्या माणसाला फक्त पाठी दिसतात. मार्गदर्शकाने नाव शक्य तितके उशिरा सांगावे. नाव ऐकताच पाहणे थांबते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे, आणि म्हणून मी आधी दोन-तीन प्रश्न विचारतो आणि उत्तर आले नाही तरी थोडा वेळ जाऊ देतो. आवाजावरून पक्षी ओळखणारी मर्लिनसारखी ॲप आता अनेकांच्या फोनमध्ये असतात. ती चांगली आहेत आणि मीही वापरतो, पण फेरीत ती शेवटी उघडावीत: आधी स्वतःचा अंदाज लिहावा, मग पडताळावा, आणि ॲपने दिलेले उत्तरही डोळ्यांनी पक्के झाल्याशिवाय नोंदवू नये. झाडाचा औषधी उपयोग हा विषय मी जवळजवळ बंदच ठेवतो. अर्धवट ऐकलेल्या माहितीवरून कुणी साल ओरबाडली किंवा मुळी उकळून प्यायले तर त्यात झाडाचेही नुकसान आहे आणि माणसाचेही.

काही गोष्टींत मात्र मी कठोर आहे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे मला मान्य नाही. विणीच्या काळात नराला तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा वाटतो आणि त्याचा वेळ व शक्ती न दिसणाऱ्या शत्रूला हुसकण्यात खर्च होते. आपल्याला मिळते ते फक्त एक छायाचित्र. घरट्याजवळ थांबणे, फांद्या बाजूला सारणे, फ्लॅश वापरणे हेही तसेच. धनेशाची मादी विणीच्या वेळी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला आणि पिल्लांना भरवतो. आपण ढोलीसमोर तळ ठोकला तर नर चोचीत फळ घेऊन दूरच्या झाडावर ताटकळत बसतो आणि आतले कुटुंब उपाशी राहते. ढोली दिसली तर लांबून एकदा पाहावे आणि पुढे जावे, तिची जागा कुठेही प्रसिद्ध करू नये.

सड्यांवरच्या, म्हणजे कातळपठारांवरच्या, फुलांच्या फेऱ्यांना हीच शिस्त आणखी काटेकोरपणे लागू होते. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांचा भाग आहे आणि सप्टेंबरमध्ये तिथे लोकांचा लोंढा असतो. कातळावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. त्या निकस मातीत दवबिंदूसारखी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक पकडून नत्राची उणीव भरून काढते, आणि तिचा सगळा पसारा बुटाच्या एका पावलाखाली मावतो. अशा ठिकाणी मी गटाला ठरलेल्या वाटेच्या कडेला बसवतो आणि समोरच्या हातभर जागेत किती प्रकारची पाने आहेत, ते भिंगाने शोधायला सांगतो. आडव्या झालेल्या माणसांचे छायाचित्र फुलांमध्ये काढण्याची हौस यातून आपोआप मावळते.

एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जाणे ही या पद्धतीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण लोकांना नवी जागा हवी असते. मी तरीही वर्षाच्या कार्यशाळांसाठी एकच वाट ठेवतो. फेब्रुवारीत सावरीच्या फुलांवर दिसलेली गर्दी एप्रिल-मेमध्ये त्याच झाडाची बोंडे उकलून कापूस उडताना नसते. त्याच सुमारास बहावा पिवळा होतो. जूनच्या आसपास चातक आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्यांबरोबर येतो आणि पावशाचा ‘पेर्ते व्हा’ दिवसरात्र ऐकू येतो. ऑक्टोबरनंतर धोबी पक्षी पाणथळ जागी शेपटी हलवू लागतात. हे सारे एका वाटेवर पाहिले की वर्ष म्हणजे काय ते समजते. अशा सातत्याला लोकविज्ञानात फार मोठी किंमत आहे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात माणूस एकच झाड निवडतो आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुले, फळे यांची नोंद करतो. पक्ष्यांच्या बाबतीत ‘ई-बर्ड’वर याद्या भरता येतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल 942 प्रजातींचा आढावा घेतो, आणि तो सुमारे 30,000 पक्षिनिरीक्षकांच्या 3 कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यांतले बहुतांश लोक हौशी आहेत. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक गणना 2013 पासून भारतातही होते, आणि तिच्यात पंधरा मिनिटांची एक यादीसुद्धा चालते. नवख्याने सुरुवात तिथून करावी. मात्र यादीत साळुंकी, कावळा, कबुतर हे नेहमीचे पक्षीही प्रामाणिकपणे लिहावेत. दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी पुष्कळ जमतात. नेहमीचे पक्षी कमी होत असतील तर ते केवळ अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींतूनच कळते.

थोडे अंतर आणि जास्त वेळ, या मांडणीचा एक लाभ असा, की फेरीला कोण येऊ शकते याच्या मर्यादा बऱ्याच सैल होतात. गुडघे दुखणारे आजोबा, तान्हे मूल घेऊन आलेली आई, चाकाच्या खुर्चीतून फिरणारी व्यक्ती यांना डोंगरधारेवरची फेरी बंद असते, पण सपाट वाटेवरच्या एका वडाखाली ते इतरांइतकेच, पुष्कळदा जास्त, पाहतात. ज्यांना दृष्टी नाही किंवा अंधुक आहे, त्यांच्यासोबतच्या फेरीत साल, पानाची लव, चुरडलेल्या पानाचा वास, वाळक्या शेंगांचा खुळखुळाट आणि अर्थातच पक्ष्यांचे आवाज हेच मुख्य साहित्य असते. आवाजांच्या दिशा आणि अंतरे सांगण्यात तर ही मंडळी डोळस गटाच्या कितीतरी पुढे असतात, त्यामुळे आम्ही शक्य तेव्हा दोन्ही गट एकत्र करतो आणि आवाजांचा नकाशा जोडीने करवून घेतो. त्यासाठी वाट निवडताना मी तीन गोष्टी पाहतो: सुरुवातीपासून पाचशे मीटरच्या आत फळणारे किंवा फुलणारे एक तरी मोठे झाड असावे, त्याच्याजवळ बसण्याजोगा कट्टा किंवा दगड असावेत, आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज तिथवर पोहोचत नसावा.